मुंबईत विजेची ट्राम उशिरा का आली? घोड्यांच्या ट्रामपासून १९०७ पर्यंतचा इतिहास

मुंबईत विजेवर चालणारी पहिली ट्राम धावली ती ७ मे १९०७ रोजी. महापालिकेच्या कचेरीपासून ती क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेली आणि त्याच संध्याकाळी लोकांसाठी सेवा खुली झाली. अंतर म्हणाल तर पायी दहा-पंधरा मिनिटांचं. पण त्या एवढ्याशा अंतरामागे आठ वर्षांची भांडणं, पत्रव्यवहार आणि वकिली कागद होते.

योगायोग असा, की मद्रासला विजेची ट्राम सुरू झाली तीसुद्धा ७ मे याच तारखेला, पण १८९५ साली. म्हणजे बरोबर बारा वर्षं आधी. हिंदुस्थानातली ती पहिली विजेची ट्राम. कलकत्त्यात २७ मार्च १९०२ रोजी विजेची ट्राम एस्प्लनेडहून खिदिरपूरला गेली. गिरण्या, बंदर, शेअर बाजार, सगळं काही असलेली मुंबई मात्र तोवर घोडेच जुंपत होती. पैसा कमी होता असं नाही आणि तंत्र माहीत नव्हतं असंही नाही. अडलं होतं ते एका प्रश्नापाशी: रस्ता शहराचा, पण त्यावरच्या रुळांची मालकी कुणाची?

आपल्या भागाशी याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होते, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. आपली राजधानी तेव्हा मुंबई. ज्या कायद्याखाली मुंबईची ट्राम सुरू झाली तो कायदा मुंबई इलाख्याचाच. बेळगावहून पुण्यामार्गे रेल्वेने गेलेला माणूस बोरीबंदरला उतरायचा आणि स्टेशनाबाहेर पहिली गाठ पडायची ती ट्रामशी. गोव्याची मंडळी उतरायची धोबीतलावाच्या आसपासच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे गावोगावच्या लोकांनी चालवलेल्या बिऱ्हाडांमध्ये. बोरीबंदरहून काळबादेवीला जाणारी ट्राम तिथूनच वळायची. तेव्हा हा इतिहास थोडा आपलाही आहे.

कापसाची तेजी आणि बुडालेला पहिला बेत

मुंबईत ट्रामचा विषय पहिल्यांदा निघाला १८६५ साली. एका अमेरिकन कंपनीने घोड्यांची ट्राम चालवण्याची तयारी दाखवली, तिला परवानाही मिळाला. पण साल बघा. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं होतं. त्यामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा नुसता पूर आला, रोज नव्या कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या योजनांचे शेअर वाटेल त्या भावाने विकले गेले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि कापसाचे भाव गडगडले. १ जुलैला वायद्यांचे व्यवहार पुरे करायची वेळ आली तेव्हा प्रेमचंद रायचंदांसारखे बडे सावकारही कोसळले. या धुळवडीत ट्रामचा परवाना कागदावरच राहिला.

शहर सावरायला सात-आठ वर्षं गेली. १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली आणि ती, महापालिका आणि स्टर्न्स अँड किट्रेज ही पेढी यांच्यात करार झाला. त्यासाठी १८७४ चा ट्रामवे कायदा करण्यात आला. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम रस्त्यावर आली. सुरुवातीला मार्ग दोनच: एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. दोन्हींचा शेवट पायधुणीत यावा हे अगदी साहजिक. किल्ल्यातल्या पेढ्या-कचेऱ्या एका टोकाला आणि देशी वस्तीचं दाट बाजारपेठेचं शहर दुसऱ्या टोकाला, अशीच तेव्हाची मुंबई होती. १८७२ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली होती.

भाडं होतं तीन आणे. रुपयाचे सोळा आणे, हे लक्षात घेतलं की रोज कामाला जाणाऱ्या माणसाला ही चैनच होती असं म्हणावं लागतं. गंमत म्हणजे सुरुवातीला तिकीटच नव्हतं. पैसे हातात द्यायचे आणि बसायचं. लोक वाढले तसं भाडं दोन आण्यांवर आलं, आणि फुकट्या प्रवाशांना आळा घालायला त्याच वर्षी तिकिटं सुरू झाली. फुकटे प्रवासी आजचेच नव्हेत, ते पहिल्या वर्षापासून होते.

एका गाडीमागे दहा घोडे

घोड्यांच्या ट्रामचा हिशोब समजून घेतल्याशिवाय विजेची एवढी ओढ का लागली ते कळत नाही. सुरुवातीला कंपनीकडे २० गाड्या आणि २०० घोडे होते. म्हणजे एका गाडीमागे दहा घोडे. एका वेळी गाडीला एक किंवा दोनच जुंपले जायचे, मग बाकीचे कशाला? कारण घोडा दिवसभर गाडी ओढू शकत नाही. काही तास काम झालं की त्याला सोडायचं, पाणी-चंदी करायची, दुसरा जुंपायचा. त्यात मुंबईचं ऊन आणि पावसाळ्यातला चिखल. घोडा आजारी पडतो, लंगडतो, मरतो. गाडी उभी असली तरी घोडा खातोच.

तबेले, मोतद्दार, नालबंद, गवत, हरभरा, लीद उचलणारे, असा सगळा संसार. १९०५ मध्ये कंपनीचा कारभार आटोपला तेव्हा तिच्या तबेल्यात १,३६० घोडे होते. आज एखाद्या एसटी आगाराची व्यवस्था पाहणाऱ्याने या आकड्याचा नुसता विचार करून पाहावा.

त्यामुळे ट्रामचं भाडं एका मर्यादेखाली आणता येत नव्हतं. मार्ग लांबवला की घोडे वाढणार. गाडी मोठी केली की घोडे वाढणार. गिरण्या उत्तरेकडे परळ-लालबागच्या दिशेने पसरत चालल्या होत्या, तिथे स्वस्तात माणसं नेणं घोड्यांच्या जिवावर शक्य नव्हतं. गिरणीतला माणूस गिरणीच्या आसपासच्या चाळीतच राहायचा आणि चालतच कामाला जायचा, त्याचं एक कारण हेही होतं.

वीज गाडी कशी ओढते

इकडे युरोपात हा प्रश्न सुटत आला होता. १८७९ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात वेर्नर सीमेन्सने विजेवर चालणारी छोटी गाडी दाखवली, आणि १६ मे १८८१ रोजी बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डे इथे जेमतेम अडीच किलोमीटरची विजेची ट्राम सुरू केली. त्यात वीज रुळांतूनच सोडलेली होती. मोकळ्या वस्तीत हे चालून गेलं, पण भर बाजारातल्या रस्त्यावर जिवंत विजेचे रूळ म्हणजे काय प्रसंग, ते सांगायला नको.

खरा मार्ग दाखवला तो अमेरिकेतल्या रिचमंड शहराने. फ्रँक स्प्रेग नावाच्या इंजिनियरने १८८८ मध्ये तिथे शहरभराची ट्राम विजेवर चालवून दाखवली, तीही चढाउताराच्या रस्त्यांवर. त्याची रचना साधी होती. रस्त्यावर उंच तार ताणायची. गाडीच्या टपावर एक लांब दांडी, तिच्या टोकाला खोबणीचं चाक, आणि स्प्रिंगच्या जोरावर ते चाक तारेला खालून दाबून ठेवायचं. तारेतली वीज दांडीतून खाली उतरते, चाकांजवळ बसवलेल्या मोटरी फिरवते आणि रुळांतून वीजघराकडे परत जाते. वर एकच तार पुरते, कारण परतीची तार म्हणजे रूळच. चालक समोरच्या दांड्याने मोटरीला जाणारी वीज टप्प्याटप्प्याने वाढवतो नाहीतर कमी करतो. वळणावर दांडी तारेवरून निसटली की कंडक्टरने मागे लोंबणारी दोरी धरून ती परत जागेवर बसवायची. शेवटच्या थांब्यावर गाडी फिरवायची गरज नाही. दांडी उलटी केली, चालक दुसऱ्या टोकाला गेला, की झालं.

रिचमंडनंतर अमेरिकेत घोडे सुटत गेले आणि तारा लागत गेल्या. आपल्याकडे मद्रासने मात्र सुरुवातीला निराळा प्रयोग केला. तार वर न लावता ती रस्त्याखालच्या नळीत ठेवली, आणि रस्त्यात ठेवलेल्या फटीतून गाडी वीज घ्यायची. दिसायला छान, आकाशात तारांचं जाळं नाही. पण आपला पाऊस या फटीला विचारून पडत नाही. पावसाळ्यात नळीत पाणी शिरायचं. शेवटी मद्रासलाही वरची तार लावावी लागली. मुंबईने उशीर केला त्याचा एवढा एक फायदा झाला, की असले प्रयोग इतरांच्या खर्चाने झाले.

वीज नसलेल्या शहरात विजेची ट्राम

आज आपण म्हणतो ट्राम विजेवर आणायची, म्हणजे वीज मंडळाकडून जोडणी घ्यायची. तेव्हा मुंबईत तशी जोडणी देणारं कुणी नव्हतं. १८८२ मध्ये महापालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीला क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावायचं काम दिलं होतं. वर्षभरात कंपनीच बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे लागले. ज्या क्रॉफर्ड मार्केटपर्यंत १९०७ ची ती पहिली ट्राम गेली, तिथे पंचवीस वर्षांपूर्वी विजेचा असा एक अपुरा संसार मांडून झाला होता.

म्हणून ट्राम विजेवर आणायची याचा अर्थ होता आधी वीजघर बांधायचं, शहरात तारा टाकायच्या, रस्ते खणून घोड्यांच्या हलक्या रुळांच्या जागी मोटर बसवलेल्या जड गाड्या पेलतील असे रूळ टाकायचे, आणि गाड्या विलायतेहून आणायच्या. लाखोंचा खर्च. आणि इथेच करारातली ती मेख पुढे आली.

१८९९ ते १९०५: खरं भांडण

१८७४ च्या व्यवस्थेत महापालिकेने एक हक्क राखून ठेवला होता. ठरावीक मुदतीनंतर ट्राम ताब्यात घेण्याचा हा हक्क. ती मुदत १९०१ मध्ये येणार होती.

१८९९ मध्ये ट्राम कंपनीने महापालिकेकडे अर्ज केला, की आम्हाला विजेवर गाड्या चालवू द्या. पण खर्च एवढा मोठा आहे, तेव्हा १९०१ चा ताबा घेण्याचा हक्क तुम्ही सोडा. कंपनीच्या जागी बसून पाहिलं तर यात गैर काही नाही. दोन वर्षांनी दुसऱ्याच्या घशात जाणाऱ्या धंद्यात कोण पैसे ओतेल?

महापालिकेच्या जागी बसून पाहिलं तर मात्र चित्र उलटं. पंचवीस वर्षं कंपनीने शहराच्या रस्त्यावर धंदा केला. आता तोच धंदा विजेमुळे कितीतरी फायद्याचा होणार, आणि नेमक्या त्याच वेळी शहराने आपला हक्क सोडून द्यायचा? १८८८ च्या कायद्याने मुंबईच्या महापालिकेला बऱ्यापैकी अधिकार मिळाले होते, फिरोजशहा मेहतांसारखी कायद्याची बारकाई जाणणारी माणसं तिच्या सभेत बसत होती. ही सभा कंपनीच्या एका अर्जावर मान डोलावणारी नव्हती. तिने हक्क तर सोडला नाहीच, उलट ट्रामच ताब्यात घ्यायचं ठरवलं.

ठरवलं खरं, पण कायदेशीर अडचणी उभ्या राहिल्या आणि प्रकरण लांबत गेलं. या काळात ना कंपनी सुधारणा करत होती, ना महापालिकेच्या हाती ट्राम येत होती. रस्त्यावर घोडे चालूच.

आणि हा काळ कसा होता? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. लोक शहर सोडून पळाले, त्यातले कितीतरी कोकणात, घाटावर, आपल्या भागातही आले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. दाट वस्त्या मोडून हवा-उजेड यावा म्हणून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रुंद रस्ते आखले आणि लोकांना उत्तरेकडे मोकळ्या जागेत नेण्याचे बेत केले. आता लोकांनी दूर राहायचं आणि कामाला मात्र किल्ल्यात किंवा बंदरावर यायचं, तर स्वस्त आणि जलद वाहन हवंच. म्हणजे विजेच्या ट्रामची सगळ्यात जास्त गरज होती ती नेमकी याच वर्षांत, आणि याच वर्षांत ती अडकून पडली. १९०६ च्या खास शिरगणतीत लोकसंख्या पुन्हा ९,७७,८२२ वर गेली होती. पाच वर्षांत दोन लाखांनी वाढ, आणि दिमतीला तेच घोडे.

महापालिकेची भूमिका मला चुकीची वाटत नाही. पण या ताठरपणाची किंमत मोजली ती रोज चालत जाणाऱ्या माणसाने, हेही नोंदवायला हवं. त्याला करारात कुठे जागा नव्हती.

विलायतेची कंपनी आणि तिहेरी करार

कोंडी फुटली ती तिसऱ्याच्या येण्याने. १९०४ मध्ये ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शन कंपनीने मुंबईला वीज पुरवण्याचा परवाना मागितला. इंग्लंडातल्या बऱ्याच गावांत ट्राम चालवणारी ही मोठी कंपनी. तिच्या वतीने इथे काम पाहत होती ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग कंपनी. ही ब्रश कंपनी नुसती दलाल नव्हे. विजेची यंत्रं आणि ट्रामच्या गाड्या बनवण्याचा तिचा स्वतःचा कारखाना होता. वीज विकायची, गाड्या चालवायच्या आणि यंत्रंही पुरवायची, असा एकाच घरातला धंदा.

या मंडळींना ट्राम आणि वीज दोन्ही एकत्र का हवी होती, याचं कारण अगदी व्यवहारी आहे. वीज तेव्हा मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नव्हती. दिव्यांची मागणी रात्री, दिवसभर यंत्रं रिकामी. ट्रामची मागणी दिवसा. एकाच वीजघराने रात्री दिवे लावायचे आणि दिवसा ट्राम ओढायच्या, म्हणजे भांडवल चोवीस तास कामाला लागतं. जगात अनेक शहरांत ट्राम कंपनी आणि वीज कंपनी एकच असायची ती यामुळे.

२७ जून १९०५ रोजी लंडनमध्ये नव्या कंपनीची नोंदणी झाली: बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी. आद्याक्षरं घेतली की ‘बेस्ट’. ३१ जुलै १९०५ रोजी महापालिका, जुनी ट्राम कंपनी आणि ब्रश कंपनी यांनी विजेच्या परवान्यावर सह्या केल्या, आणि ऑगस्टमध्ये सवलतीचा करार झाला. बेस्टने जुन्या कंपनीची मालमत्ता ९८ लाख ५० हजार रुपयांना विकत घेतली. शहरात वीज पुरवण्याचा आणि विजेची ट्राम चालवण्याचा मक्ता तिला मिळाला.

महापालिकेला काय मिळालं? ट्राम ताब्यात आली नाही. पण पुढे कधीतरी ताबा घेण्याचा हक्क तिने नव्या करारातही राखला. १९०१ चा हक्क सोडला असं म्हणण्यापेक्षा तो लांबणीवर टाकला, असं म्हणणं बरोबर ठरेल. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा आहे.

दोन वर्षांचं काम आणि ७ मे

करारानंतर कामाला वेग आला. वाडीबंदरला वीजघर उभं राहिलं. जागा निवडली ती बंदराला लागून, कारण दगडी कोळसा उतरवायला सोपं. १९०७ मध्ये तिथे ४,३०० किलोवॅट क्षमतेचं वाफेवर चालणारं केंद्र सुरू झालं. आजच्या हिशोबात सांगायचं तर आपल्याकडे माळांवर दिसणाऱ्या मोठ्या पवनचक्क्यांपैकी दोनेक पवनचक्क्या एवढी वीज देतात. तेवढ्यावर मुंबईच्या ट्राम आणि दिवे चालायचे होते.

पहिल्या फेरीसाठी निवडलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. सुरुवात महापालिकेच्या इमारतीपासून, म्हणजे बोरीबंदरच्या स्टेशनासमोरून. जिच्याशी इतकी वर्षं भांडण झालं तिच्याच दारातून गाडी निघाली. शेवट क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईला. पुढे या तारा गिरगाव, भायखळा, परळ, दादर अशा पसरत गेल्या आणि गाड्यांबरोबर भाडंही सामान्यांच्या आवाक्यात आलं. जुन्या मुंबईकरांच्या आठवणींत ‘एका आण्याचं तिकीट’ हमखास येतं ते या विजेच्या ट्रामचं.

विजेने केलेला मुख्य फरक वेगाचा वाटतो. खरं तर तो गाडीच्या आकाराचा आणि खर्चाचा आहे. मोटरीला चारा लागत नाही, ती थकत नाही आणि गर्दीच्या वेळी ज्यादा गाडी सोडायची तर ज्यादा तबेला लागत नाही. म्हणून मार्ग लांबवता आले. काही वर्षांतच सकाळ-संध्याकाळची गर्दी आवरेना, आणि सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आणावी लागली.

दिल्लीला विजेची ट्राम सुरू झाली १९०८ मध्ये, म्हणजे मुंबईनंतर वर्षभराने. कानपूरची आणि मुंबईची एकाच वर्षातली. आपल्या जवळच्या शहरांपैकी नाशिकलाही ट्राम होती, नाशिकरोड स्टेशनापासून गावात जाणारी. पण ती सुरुवातीला घोड्यांनी ओढलेली होती आणि विजेपर्यंत पोचलीच नाही.

कोळशाकडून पाण्याकडे

वाडीबंदरचं वीजघर वाढत्या मागणीला लवकरच अपुरं पडू लागलं. तेवढ्यात टाटांची जलविद्युत योजना उभी राहिली. लोणावळ्याजवळ वळवण, शिरवटा अशी धरणं बांधून सह्याद्रीचं पाणी खोपोलीला खाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची. १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं. १९१६ पासून बेस्ट टाटांकडून वीज घेऊ लागली आणि १९२५ पर्यंत स्वतःची वीज करणं तिने बंदच केलं. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस गिरगावातली ट्राम ओढू लागला, असं म्हटलं तरी चालेल.

मुंबईची विजेची भूक वाढली तशी पुढची योजना मुळशीला आली, आणि तिथे मावळातल्या गावांच्या जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तो इतिहास वेगळा आणि मोठा आहे. पण शहरातल्या रस्त्यावरची तार कुठल्या तरी गावापर्यंत पोचलेली असते, हे धरणात जमिनी गेलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको.

हक्क बजावला तो बेचाळीस वर्षांनी

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी बस सुरू झाली आणि ट्रामला घरातूनच स्पर्धा आली. बसला रूळ लागत नाहीत, तार लागत नाही, रस्ता बदलला की मार्ग बदलता येतो. ट्रामचे दिवस भरत आले होते, पण ती आणखी चार दशकं टिकली.

त्या आधी १९०५ चं खातं पुरं झालं. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, मुंबई महापालिकेने बेस्टचा सगळा कारभार ताब्यात घेतला. १८७४ मध्ये राखून ठेवलेला, १९०१ मध्ये हुकलेला आणि १९०५ मध्ये पुढे ढकललेला हक्क असा बजावला गेला. नावातल्या ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ आलं. आद्याक्षर ‘ट’च राहिल्यामुळे बेस्ट हे नाव तसंच राहिलं. वीज आणि वाहतूक एकाच महापालिका उपक्रमाकडे असणं ही मुंबईची खासियत सांगितली जाते. तिचं मूळ घोड्यांच्या ट्रामच्या करारात आहे.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. रूळ बऱ्याच ठिकाणी उखडले नाहीत, त्यावर नुसतं डांबर ओतलं गेलं. काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकाजवळ खोदकाम चालू असताना ते पुन्हा वर आले होते. आणि बेळगाव-निपाणीहून मुंबईला जाणारे आपले लोक आजही खासगी बसवाल्याला ‘दादर टीटीला उतरव’ म्हणून सांगतात. त्यातलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस.